चुंबकाने मोजलेली थंडी

एक केल्विनच्या खाली तापमान मोजण्याचे नेहमीचे बहुतेक मार्ग बंद होतात. पारा केव्हाच गोठलेला असतो. वायूच्या दाबावर चालणाऱ्या तापमापकात हेलियम भरावा, तर तोही द्रव झालेला असतो. त्या द्रवाचा बाष्पदाब मोजावा, तर ४.२ केल्विनला जो दाब वातावरणाइतका असतो तो एक केल्विनला पाऱ्याच्या जेमतेम ०.१ मिलिमीटरवर येतो आणि त्याखाली झपाट्याने नाहीसा होतो. तारेचा विद्युतरोध मोजायचा तर तिच्यातून प्रवाह सोडावा लागतो, प्रवाहाने तार तापते आणि शेवटी कळते ते त्या तापलेल्या तारेचे तापमान. या कोंडीतून वाट काढली ती चुंबकत्वाने. पदार्थ जितका थंड, तितका तो दिलेल्या चुंबकीय क्षेत्राला अधिक जोराने प्रतिसाद देतो, एवढ्या एका नियमावर केल्विनच्या लक्षांशापर्यंत पोचणारे तापमापक उभे राहिले. त्यांचा इतिहास पॅरिस, लायडन, बर्कली आणि ऑक्सफर्ड अशा गावांतून जातो आणि मुंबईत कुलाब्याच्या समुद्रकाठी त्याला एक भारतीय प्रकरण जोडले जाते.

या थंडीचा आवाका लक्षात यायला आधी उष्णतेकडे पाहावे लागते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. भट्टीतल्या पोलादाच्या रसाचे तापमान सुमारे १६०० अंश सेल्सिअस, म्हणजे १९०० केल्विनच्या आसपास असते. माणूस राहतो ते तापमान ३०० केल्विन. भट्टी आणि खोली यांच्यात फरक सहा पटींचा. खोलीपासून अर्ध्या मिलिकेल्विनपर्यंत उतरायचे, तर हीच पट सहा लाखांची होते. भौतिकीत महत्त्व अंशांच्या वजाबाकीला नसून या गुणोत्तराला आहे. एक केल्विनपासून एक मिलिकेल्विनपर्यंतचा प्रवास अंशांत मोजला तर एकाहूनही कमी, पण पदार्थाच्या वागण्यात तेवढ्यात हजारपटींचे अंतर पडते.

दुसरा फरक मोजण्याच्या रीतीत आहे. पोलादाच्या रसात थर्मोकपलचे टोक बुडवतात, आकडा येईपर्यंत ते जेमतेम टिकते आणि मग फेकून देतात. त्याने घेतलेली उष्णता टनावारी रसाला जाणवतही नाही. अतिशीत प्रयोगात हे नाते उलटे होते. तिथे पदार्थाची उष्णता साठवण्याची शक्ती इतकी घटलेली असते की बाहेरून येणाऱ्या तारेतून झिरपलेली, वॅटच्या अब्जांशाएवढी उष्णताही सगळा प्रयोग गरम करू शकते. त्यामुळे तापमापक असा लागतो, की जो मोजताना जवळजवळ काहीच देत नाही आणि काहीच घेत नाही.

या तापमापकाचे मूळ पिएर क्यूरी यांच्या १८९५च्या प्रबंधात सापडते. निरनिराळ्या तापमानांना पदार्थांचे चुंबकत्व कसे बदलते, याची चिकाटीने केलेली मोजमापे त्यात होती. ऑक्सिजनसारख्या समचुंबकी पदार्थांची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे क्षेत्राला प्रतिसाद देण्याची क्षमता, निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. तापमान निम्मे झाले की ग्रहणशीलता दुप्पट. पॉल लँजेव्हँ यांनी १९०५ मध्ये याचे कारण सांगितले. अशा पदार्थातला प्रत्येक अणू किंवा आयन हा एक सूक्ष्म चुंबक असतो. बाहेरचे क्षेत्र त्याला एका दिशेला वळवू पाहते आणि उष्णतेची खळबळ ती दिशा मोडू पाहते. खळबळ कमी झाली की क्षेत्राचे बळ वरचढ ठरते. यासाठी एकच अट आहे, पण ती कडक आहे: हे सूक्ष्म चुंबक एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. शेजाऱ्याच्या ओढीने ते आपापसांत रांगा लावू लागले की क्यूरी यांचा नियम संपतो आणि त्याच्याबरोबर तापमापकही संपतो. पुढच्या सव्वाशे वर्षांची धडपड ही एका अर्थी अधिकाधिक एकलकोंड्या चुंबकांच्या शोधाची आहे.

क्यूरी यांना खोलीपेक्षा फार खाली जाता आले नव्हते. ते दार उघडले हाइके कामर्लिंग ओनेस यांनी. १० जुलै १९०८ रोजी लायडन येथे त्यांनी हेलियम द्रवरूप केला. हेलियमचा उल्लेख आला की मराठी वाचकाला विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी तिथे बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवले जातात आणि हेलियमचा शोध तिथेच लागला असे सर्रास सांगितले जाते. ज्यांचे नाव या कथेत घेतले जाते ते नॉर्मन लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, आपल्या घरच्या दुर्बिणीतून. ग्रहणाच्या दिवशी ज्यूल जान्सन यांनी केलेली निरीक्षणे गुंटूरची आहेत. कथा गोड आहे, पण ती कागदपत्रांवर उभी राहत नाही.

लायडनला द्रव हेलियमवरचा दाब पंपांनी कमी करत ओनेस १९२२ मध्ये ०.८३ केल्विनपर्यंत उतरले. पंपांच्या मार्गाने त्याखाली फारसे जाता येणार नाही, हे तेव्हाच दिसू लागले होते. त्याच सुमारास त्यांनी वोल्टियर यांच्याबरोबर गॅडोलिनियम सल्फेट या क्षारावर प्रयोग केले. १.३ केल्विनच्या आसपास आणि जोरदार क्षेत्रात त्यातले बहुतेक सूक्ष्म चुंबक एका दिशेला वळलेले आढळले. लँजेव्हँ यांच्या सिद्धांताला ही मोठी पुष्टी होती. कॅलिफोर्नियात बर्कलीला बसलेल्या विल्यम जिओक यांना मात्र या आकड्यांत आणखी काही दिसले. चुंबक एका दिशेला वळले याचा अर्थ क्षाराची अव्यवस्था, म्हणजे एंट्रॉपी, कमी झाली. मग क्षार सभोवारपासून तोडून क्षेत्र काढून घेतले तर? चुंबक पुन्हा विस्कटणार, त्यासाठी लागणारी ऊर्जा ते क्षाराच्याच कंपनांतून ओढून घेणार आणि क्षार थंड होणार. १९२६ मध्ये जिओक आणि पीटर डिबाय या दोघांनाही ही कल्पना एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचली. तिला विचुंबकनाची पद्धत म्हणतात.

कल्पना आणि प्रयोग यांच्यात सात वर्षे गेली. जिओक आणि त्यांचे सहकारी मॅकडूगल यांनी १९३३च्या वसंतात ६१ ग्रॅम गॅडोलिनियम सल्फेट घेतले आणि ८००० गाउसचे क्षेत्र वापरले. १९ मार्चला सुमारे ३.४ केल्विनपासून आरंभ करून ते ०.५३ केल्विनला पोचले. ८ एप्रिलला २ केल्विनपासून ०.३४ आणि दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, १.५ केल्विनपासून ०.२५ केल्विन. माणसाने तोवर निर्माण केलेली ही सर्वांत कडक थंडी होती.

आता प्रश्न असा, की ०.२५ हा आकडा त्यांना कुणी सांगितला? क्षारात कुठलाही तापमापक खोचलेला नव्हता. क्षाराभोवती तारेचे एक वेटोळे होते; ते द्रव हेलियममध्ये बुडवलेले होते आणि क्षार व वेटोळे यांच्यामध्ये निर्वात पोकळी होती. क्षाराची ग्रहणशीलता वाढली की वेटोळ्याचे प्रेरकत्व वाढते. ते बाहेरून विद्युतसेतूवर मोजायचे आणि क्यूरी यांच्या नियमाने तापमान काढायचे. स्पर्श नाही, तार नाही, उष्णतेची देवघेव नाही. थंड करणारा पदार्थ तोच आपले तापमान सांगत होता. शीतक आणि तापमापक एकच असण्याची ही जोडी पुढे अनेक वर्षे टिकली. थंडीच्या विक्रमाच्या बातम्यांत तिचा उल्लेख सहसा येत नाही. खरी करामत मात्र निम्मी तिथेच होती. जिओक यांना १९४९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लायडनच्या प्रयोगशाळेनेही १९३३ मध्येच हे तंत्र साधले. ऑक्सफर्डला हिटलरच्या जर्मनीतून आलेले फ्रान्सिस सायमन आणि निकोलस कुर्ती लवकरच त्यात उतरले. त्यांच्यापुढे एक अवघड शंका होती. क्यूरी यांच्या नियमाने काढलेले तापमान हे खरे तापमान असते का? नियमच जर खालच्या तापमानाला ढिला पडत असेल, तर येणारा आकडा म्हणजे तापमानाच्या वेशातली ग्रहणशीलताच. म्हणून त्या आकड्याला ‘चुंबकीय तापमान’ असे वेगळे नाव पडले. त्यावरून खरे, उष्मागतिकीचे तापमान काढायला ऑक्सफर्डच्या मंडळींनी सरळ व्याख्येचाच आधार घेतला: मोजून दिलेली उष्णता भागिले एंट्रॉपीतील वाढ म्हणजे तापमान. पण निर्वातात टांगलेल्या क्षाराला सर्व बाजूंनी सारखी आणि मोजून उष्णता द्यायची कशी? त्यांनी रेडियममधून निघणारे गॅमा किरण वापरले. हे किरण क्षाराच्या आरपार जातात आणि त्याच्या कणाकणात थोडी थोडी उष्णता सोडतात. एरवी तापमापक लावून उष्णता मोजतात. इथे ठाऊक असलेल्या उष्णतेवरून तापमापकच पारखला गेला.

या पारखीत बरेच क्षार नापास झाले. गॅडोलिनियम सल्फेटचे सूक्ष्म चुंबक जोरकस, त्यामुळे ते एकमेकांना लवकर ओढू लागतात. क्रोम तुरटी आणखी खाली, एका केल्विनच्या शंभराव्या भागापर्यंत उपयोगी पडे. १९५३ मध्ये डॅनियल्स आणि रॉबिन्सन यांनी सेरियम मॅग्नेशियम नायट्रेटचा अभ्यास करून दाखवला आणि अतिशीत प्रयोगशाळांना आपले मीठ मिळाले. या क्षारात सेरियमचा प्रत्येक आयन नायट्रेट आणि पाण्याच्या रेणूंच्या गराड्यात असतो. दोन सेरियममध्ये इतके अंतर असते की सुमारे ६ मिलिकेल्विनपर्यंत क्यूरी यांचा नियम जवळजवळ तंतोतंत पाळला जातो. निम्म्याहून अधिक सेरियमच्या जागी चुंबकत्व नसलेला लँथॅनम भरला तर आणखी खाली जाता येते.

मात्र हे मीठ नाजूक असते. त्याच्या स्फटिकात प्रत्येक घटकामागे पाण्याचे २४ रेणू असतात. खोलीच्या तापमानाला ते निर्वातात ठेवले की पाणी निघून जाते आणि पारदर्शक स्फटिकाचा पांढरा भुगा होतो. त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्तीही बेताची. म्हणून ते बारीक कुटून ग्रीससारख्या पदार्थात कालवतात, त्यात तांब्याच्या केसाएवढ्या तारांचा झुपका रोवतात आणि तो झुपका प्रयोगाच्या तांब्याला घट्ट जोडतात. भोवती मोजणीचे वेटोळे येते. १९६०च्या दशकात अतिसंवाहक, म्हणजे विद्युतरोध नसलेल्या, वलयांवर चालणारे ‘स्क्विड’ हे चुंबकमापक आले, तेव्हा काही मिलिग्रॅम क्षारही तापमान सांगायला पुरू लागला.

मिलिकेल्विनच्या खाली मात्र क्षारांतले इलेक्ट्रॉनही एकलकोंडे राहत नाहीत. तिथे अणुकेंद्राकडे जावे लागते. अणुकेंद्रांचे चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या तुलनेत साधारण दोन हजार पटींनी दुबळे असते. शेजाऱ्याला ओढण्याची त्यांची ताकदही त्यामुळे नगण्य असते. हाच दुबळेपणा इथे कामाला येतो. अणुकेंद्रांचे विचुंबकन करून पाहावे ही सूचना १९३४-३५ मध्ये गॉर्टर यांनी आणि कुर्ती-सायमन यांनी केली होती. प्रत्यक्षात ते जमायला १९५६ उजाडले. ऑक्सफर्डला कुर्ती, रॉबिन्सन, सायमन आणि स्पोर यांनी तांब्याची अणुकेंद्रे सुमारे २० मायक्रोकेल्विनला नेली. त्यांचे तापमान त्यांच्याच ग्रहणशीलतेवरून वाचले. पण त्या क्षणी त्याच तांब्यातले इलेक्ट्रॉन जवळपास १२ मिलिकेल्विनला, म्हणजे शेकडो पटींनी गरम होते. एकाच तुकड्याची दोन तापमाने! आकडा खरा, पण तो कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटला आहे.

अणुकेंद्रे आणि इलेक्ट्रॉन यांच्यात उष्णतेची देवघेव व्हायला वेळ लागतो आणि थंडी वाढेल तसा तो वाढत जातो. एक मिलिकेल्विनला तांब्यात हा वेळ वीस मिनिटांच्या घरात जातो. प्लॅटिनममध्ये तो फक्त अर्धा मिनिट असतो आणि १०० मायक्रोकेल्विनलाही पाच मिनिटांत भागते. म्हणून तापमापक म्हणून प्लॅटिनम निवडले गेले. त्याचा १९५ वस्तुमानांकाचा समस्थानिक अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाला, म्हणजे एनएमआरला, चांगला प्रतिसाद देतो. रुग्णालयातल्या एमआरआयमागे हेच तत्त्व आहे. प्लॅटिनमच्या बारीक तारांचा जुडगा एका लहान, स्थिर क्षेत्रात ठेवतात आणि रेडिओलहरींचा एक छोटा ठोका देतात. अणुकेंद्रे किंचित कलतात, डोलू लागतात आणि वेटोळ्यात विरत जाणारा संकेत उमटवतात. हा संकेत जितका मोठा तितके तापमान कमी. ठोका जोराचा दिला तर तारा तापतात, हलका दिला तर संकेत गोंगाटात बुडतो. मोजणाऱ्याचे कसब या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत लागते. एकदा ठोका दिला की पुढच्यासाठी अणुकेंद्रे पुन्हा निवण्याची वाट पाहायची.

भारतात द्रव हेलियम पहिल्यांदा मिळाला तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, १९५०च्या दशकाच्या आरंभी. तिचे संचालक के. एस. कृष्णन स्वतः स्फटिकांच्या चुंबकत्वाचे जाणकार होते. १९३०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समचुंबकी क्षारांची ग्रहणशीलता निरनिराळ्या दिशांना किती वेगळी असते, हे सूक्ष्मपणे मोजले होते. मुंबईत होमी भाभा यांनी १९४५ मध्ये उभारलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीत स्थिरावली. एनएमआर संस्थेत त्याआधीच आले होते. एस. एस. धर्मट्टी स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत होते. अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर त्यांनी १९५१ मध्ये दाखवले की साध्या अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन एनएमआरमध्ये तीन वेगळे संकेत देतात. आज रसायनशास्त्राची कोणतीही प्रयोगशाळा ज्याच्यावर चालते ते हे तंत्र. मायदेशी आल्यावर धर्मट्टी यांनी टाटा संस्थेत एनएमआरचा गट उभा केला. हेलियम द्रवरूप करण्याची सोयही संस्थेत साठच्या दशकात आली आणि तिच्या जोरावर अतिसंवाहक पदार्थांचा अभ्यास तिथे रुजला. १९९४ मध्ये आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली बोरॉन आणि कार्बनयुक्त अतिसंवाहक संयुगे हे त्याचे सर्वांत परिचित फळ.

मिलिकेल्विनखालचा टप्पा एस. रामकृष्णन यांच्या गटाने गाठला. तांब्याच्या अणुकेंद्रांचे विचुंबकन करणारे शीतयंत्र त्यांनी कुलाब्यात उभारले. अशा यंत्रात तांब्याचा मोठा ठोकळा आधी हेलियम-३ आणि हेलियम-४ या समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतकाने काही मिलिकेल्विनपर्यंत नेतात, त्याच वेळी त्याच्यावर काही टेस्लाचे क्षेत्र ठेवतात, मग दोघांमधला उष्णतेचा दुवा तोडतात आणि क्षेत्र तासन् तास हळूहळू उतरवत आणतात. घाई केली तर तांब्यात प्रवाह उसळून ते गरम होते.

या यंत्रात तपासायला घेतला तो पदार्थ दिसायला साधा होता: बिस्मथ. १९३०च्या आसपास लायडनमध्ये धातूंच्या इलेक्ट्रॉनांचे अनेक गुण याच धातूत प्रथम दिसले होते. त्याचा अस्फटिकी थर सुमारे ६ केल्विनला अतिसंवाहक होतो, दाबाखालीही होतो. पण साधा, शुद्ध स्फटिक कधी होतो का, हे कुणाला दिसले नव्हते. अपेक्षाही नव्हती. तांब्यात प्रत्येक अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो, बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एक. अतिसंवाहकतेचा १९५७चा मान्य सिद्धांत इतक्या विरळ इलेक्ट्रॉनांना लागू पडत नाही.

प्रयोगाची खरी अडचण चुंबकीय होती. इतक्या नाजूक अतिसंवाहकतेला मोडायला अतिशय क्षीण क्षेत्रही पुरते. बिस्मथचे हे निर्णायक क्षेत्र पुढे ५.२ मायक्रोटेस्ला निघाले. मुंबईत पृथ्वीचेच क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे पृथ्वीला अडवल्याशिवाय काही दिसणेच शक्य नव्हते. त्यात वरच्या बाजूला शीतकाचा टेस्लात मोजला जाणारा चुंबक. प्लॅटिनमचा तापमापक चालतो तोही मिलिटेस्लात मोजल्या जाणाऱ्या क्षेत्रात, बिस्मथला सोसवेल त्याच्या शेकडो ते हजारो पट. थंडी आणणारे आणि थंडी मोजणारे दोघेही नमुन्याचे वैरी. त्यामुळे नमुना चुंबकीय कवचांच्या आत, या सर्वांपासून दूर ठेवायचा आणि तरीही तांब्याच्या त्याच थंडीशी उष्णतेने जोडलेला ठेवायचा, असा हा पेच होता.

ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिझवेल आणि एस. रामकृष्णन यांचा निबंध डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’च्या संकेतस्थळावर आणि जानेवारी २०१७च्या अंकात छापून आला. बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होऊन आपल्यातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, हे त्यांनी स्क्विडने दाखवले. यापेक्षा थंड अतिसंवाहक आधी माहीत होते: ऱ्होडियम ०.३२५ मिलिकेल्विनला, लिथियम ०.४ मिलिकेल्विनला. पण इतक्या कमी इलेक्ट्रॉनांवर चालणारा असा धातू दुसरा नव्हता. त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी सिद्धांतकारांची तेव्हापासून रस्सीखेच चालू आहे.

०.५३ या आकड्याच्या पाठीशी जगमान्य मापपट्टी मात्र नाही. १९९०ची आंतरराष्ट्रीय तापमानपट्टी ०.६५ केल्विनला थांबते. त्याखालच्या प्रदेशासाठी ऑक्टोबर २०००मध्ये एक तात्पुरती पट्टी मान्य झाली. ती गोठलेल्या हेलियम-३च्या वितळण्याच्या दाबावर बेतलेली आहे आणि जर्मनी, अमेरिका यांसारख्या देशांतल्या प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या तापमापकांनी, चुंबकीय तापमापकांसह, केलेल्या मोजमापांवर ती उभी राहिली. तिची खालची मर्यादा ०.९ मिलिकेल्विन आहे, कारण ०.९०२ मिलिकेल्विनला घन हेलियम-३ची अणुकेंद्रे स्वतःच रांगा लावतात आणि त्याखाली वितळण्याचा दाब जवळपास बदलेनासा होतो. २० मे २०१९ पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर आधारलेली आहे; त्यामुळे तत्त्वतः कोणतेही तापमान कुठेही मोजता येते, पण ते मोजणारे साधन प्रत्येकाला स्वतःच पारखून घ्यावे लागते. ०.९ मिलिकेल्विनच्या वर तापमापक हेलियम-३च्या पट्टीशी जुळवून घ्यायचा आणि खाली क्यूरी यांचा १८९५चा नियम तसाच चालतो असे धरून उतरायचे, ही सर्वमान्य रीत आहे. प्लॅटिनमची अणुकेंद्रे या प्रदेशात तो नियम पाळतात याचे पुरावे भरपूर आहेत. अलीकडे धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेने उठणाऱ्या चुंबकीय गोंगाटावरून तापमान काढणारी यंत्रेही आली आहेत. त्यांना क्षेत्र लावावे लागत नाही. बिस्मथसारख्या क्षेत्राला भिणाऱ्या नमुन्यांच्या शेजारी प्लॅटिनमपेक्षा तीच अधिक सोयीची ठरतात.